विचारा बिनधास्त: बोहारणीचं इंग्लंडमधलं दुकान

मागच्या अंकात मी जाता जाता एका ओळीत लिहिलं होतं की मंगळवार-गुरुवार मी इथल्या चॅरिटी शॉपमधे बिनपगारी काम करते, तर त्या एका ओळीवर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. रेसिपीच्या अंकाला पण एवढी आली नव्हती. म्हणून यावेळी सगळी उत्तरं त्यावरच. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं: इंग्लंडात जवळजवळ प्रत्येक गावाच्या बाजारपेठेत अशी दुकानं असतात, लोक घरातले नको झालेले कपडे, पुस्तकं, कपबश्या, खेळणी आणून देतात, आणि माझ्यासारख्या बायाबापड्या (आणि बरेच रिटायर्ड काका) ते निवडून, वाफ देऊन, किंमत लावून विकतात. जो पैसा येतो तो संस्थेच्या कामाला. आमच्या दुकानाचा थोडा गावातल्या गरजूंना जातो, थोडा पूर-भूकंप-युद्ध असेल तिथल्या मदतीला.

ताई, मी सांगलीची, प्राथमिक शिक्षिका होते, आता रिटायर्ड, वय 63. मुलाकडे रेडिंगला सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आलेय. मुलगा-सून आठला बाहेर पडतात, नातू नर्सरीत, मी दिवसभर खिडकीतून बस मोजते. कोपऱ्यावर चॅरिटी शॉप आहे, दारात व्हॉलंटियर पाहिजेत अशी पाटी आहे. मला घेतील का? इंग्रजी वाचता येतं पण बोलताना त त प प होतं. आणि व्हिसाची काही भानगड तर होणार नाही ना?
— एक आजी, रेडिंग

काकू, आधी व्हिसाचं बघू, कारण तेच महत्त्वाचं. व्हिजिटर व्हिसावर व्हॉलंटियरिंग चालतं, पण दोन अटी आहेत, काम नोंदणी झालेल्या चॅरिटीसाठीच पाहिजे आणि सगळे मिळून 30 दिवसांच्या वर जाता कामा नये. मुलाच्या मित्राच्या दुकानात 'जरा मदत' म्हणून बसणं यात येत नाही, ते काम झालं, तिकडे फिरकू पण नका. जायच्या आधी सरकारी वेबसाइटवरचा नियम मुलाला एकदा वाचायला सांगा कारण नियम बदलत असतात, आणि मॅनेजरला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की मी व्हिजिटर आहे, माझ्याकडे इतकेच दिवस आहेत. लपवायचं काहीच कारण नाही. (सून किंवा मुलगी डिपेंडंट व्हिसावर नोकरीची परवानगी घेऊन आली असेल तर तिला ही 30 दिवसांची कटकट नाही.)

आता घेतील का. अहो, घेतील म्हणजे काय, हात जोडून घेतील! आत जायचं, व्हॉलंटियर व्हायचंय एवढं एक वाक्य म्हणायचं, फॉर्म मिळतो. त्यात ओळखीच्या दोन माणसांची नावं मागतात, घरचं माणूस सहसा चालत नाही, म्हणून शेजारी किंवा तुमच्या शाळेतल्या जुन्या मुख्याध्यापिका वगैरे बघून ठेवा. मग एक दिवस आग लागली तर कुठून पळायचं, जड पिशवी कशी उचलायची वगैरे दाखवतात आणि तुम्ही मागच्या खोलीत.

ही मागची खोली म्हणजेच खरं दुकान. पुढे रंगानुसार टांगलेले कपडे आणि मंद गाणी असतात ना, ते नुसतं देखाव्याला. मागे काळ्या पिशव्यांचा डोंगर असतो, सोमवारी तर दार उघडत नाही कारण लोक रविवारी रात्री दारात पिशव्या टाकून जातात आणि रात्रभर पावसात भिजून सगळ्याला कुबट वास सुटलेला असतो. एक पिशवी टेबलावर उलटी करायची. प्रत्येक कपडा उजेडात धरायचा, काख बघायची, कॉलर बघायची, मग चेन वर-खाली करायची, आणि खिसे! खिसे तपासल्याशिवाय काही पुढे सरकवायचं नाही, हा मला पहिल्या दिवशी शिकवलेला धडा. मला आत्तापर्यंत सापडलेल्या वस्तू म्हणजे बसची तिकिटं, खोकल्याच्या गोळ्या, एक कवळी (हो), आणि एका पुरुषी कोटाच्या आतल्या खिशात चार घड्या घातलेली वाणसामानाची यादी, दूध-ब्रेड-मांजराचं खाणं, अक्षर थरथरतं. ती यादी मी मॅनेजरला दिली, तिनं ती फेकली नाही, नोटीस बोर्डाला टाचून ठेवली, अजून तिथेच आहे.

निवडून झालं की स्टीमर. इस्त्री नसते हं, उभ्या दांड्याला पाइप आणि पाइपाच्या तोंडातून वाफ, कपडा टांगलेला असतानाच खालून वर फिरवायचं. थंडीत त्या कोपऱ्यात काम करायला भांडणं होतात. मग हँगरला साइझचा छोटा ठोकळा, टॅगच्या बंदुकीनं किमतीचा कागद, आणि हँगरचे आकडे सगळे एकाच दिशेला. हे शेवटचं चुकलं तर आमच्या एका 80 वर्षांच्या सहकारी बाई काही न बोलता सगळं परत करतात, ते बोलण्यापेक्षा वाईट.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका. मागच्या खोलीत चार-पाच शब्दांवर दिवस निघतो. आणि वर्षानुवर्षं प्राथमिक शाळेतली पोरं सांभाळलेल्या बाईला गिऱ्हाईक सांभाळता येणार नाही? पुढे टिलवर, म्हणजे गल्ल्यावर, बसवलं तरी घाबरू नका, ही माणसं बोलण्यापुरतीच येतात कित्येकदा. आमच्या मिडलंड्सच्या भागात गिऱ्हाइकं 'मी डक' (म्हणजे 'माय डक') म्हणून हाक मारतात, मला आधी वाटलं बदक म्हणतेय की काय मला, नंतर कळलं की आपल्या 'बाळा'सारखं आहे ते.

नमस्कार. स्पष्ट विचारतो, राग मानू नये. लोकांनी दान दिलेल्या वस्तू विकून पैसे करणं ही फसवणूक नाही का? गरिबांसाठी दिलेलं गरिबांना द्या. इकडे पूर आला की आम्ही सोसायटीतून ट्रक भरून कपडे पाठवतो, थेट गरजूंच्या हातात. तुमची ही दुकानदारी मला पटत नाही.
— एक वाचक, कोथरूड

काका, राग कसला, हा प्रश्न मी स्वतः पहिल्या महिन्यात विचारला होता. आता मात्र मी तुमच्या बरोब्बर उलट बाजूला आहे आणि त्याचं कारण इंग्लंड नाही, आपला 2019 चा पूर आहे.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. त्या ऑगस्टमधे कृष्णा-पंचगंगेचं पाणी ओसरल्यावर मी तिकडेच होते. गावच्या शाळेच्या दोन वर्गांत कपड्यांचे ढीग, खिडकीपर्यंत. राज्यभरातून आलेले, सगळे चांगल्या मनानं दिलेले, त्याबद्दल शंका नाही. पण त्यात काय होतं? टिकल्यांचे लेहंगे, कोट, फाटके परकर, एका पायाची चप्पल. आणि लोकांना काय पाहिजे होतं? खराटे, फिनेल, बॅटरी, पॅड, नवी आतली कपडे, जनावरांना वैरण. चिखल भरलेलं घर धुवायला लेहंगा घालून कोण उतरणार? दोन दिवस गावची पोरं चिखल काढायचं सोडून कपडे निवडत बसली होती, आणि मग पाऊस परत आला आणि ढीग भिजला. पुढे त्याचं काय झालं ते विचारू नका. ट्रकचं डिझेल पण कुणीतरी वर्गणी काढूनच भरलं होतं ना?

तेच लेहंगे पुण्यात कुणीतरी 300-300 रुपयांना विकले असते तर खराटे घेता आले असते. झालं, चॅरिटी शॉप म्हणजे एवढंच. ज्याला जे नको ते, ज्याला ते पाहिजे त्याला विकायचं, आणि आलेल्या पैशातून तिसऱ्याला जे खरंच पाहिजे ते घ्यायचं.

ही युक्ती युद्धाच्या काळातली आहे. ब्रिटिश रेड क्रॉसनं 1941 साली लंडनच्या ओल्ड बाँड स्ट्रीटवर असं दुकान उघडलं. ऑक्सफॅम ही मदतसंस्था तर जन्मलीच 1942 मधे, ग्रीसमधे जर्मन-इटालियन ताब्याखाली आणि दोस्त राष्ट्रांच्या नाकेबंदीमुळे लोक उपाशी मरत होते त्यांच्यासाठी, ऑक्सफर्डमधल्या काही लोकांनी समिती काढली. युद्धानंतर त्यांनी ग्रीसच्या मदतीसाठी आवाहन केलं तर लोकांनी इतक्या वस्तू आणून टाकल्या की पाठवून उरल्या, मग 1947-48 च्या सुमारास ब्रॉड स्ट्रीटवर दुकान थाटून त्या विकायला काढल्या. बघा, म्हणजे सुरुवातच 'ढिगाचं करायचं काय' इथून झाली, शिरोळच्या शाळेसारखी.

फसवणूक म्हणाल तर देणाऱ्याला आम्ही विकणार हे माहीत असतं, दुकानात आणूनच देतो तो. उलट इथे एक मजा आहे, गिफ्ट एड म्हणतात. देणारा इन्कमटॅक्स भरणारा असेल तर तो एक फॉर्म भरतो, त्याच्या पिशवीला बारकोडचा स्टिकर लागतो, कागदोपत्री आम्ही त्याच्या वतीनं वस्तू विकतो आणि तो ती रक्कम दान करतो, मग सरकार प्रत्येक पाउंडामागे 25 पेन्स वर घालतं. दहा पाउंडाचा कोट साडेबाराला पडतो संस्थेला, गिऱ्हाइकाला एक पैसा जास्त न लागता. म्हणून पिशवी आली की आमचा पहिला प्रश्न हाच असतो. शिवाय दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर व्हॅट लागत नाही. भाडं, वीज, मॅनेजरचा पगार मात्र द्यावाच लागतो, त्यामुळे टिलमधला सगळा पैसा पूरग्रस्तांना जातो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, खर्च जाऊन उरलेला जातो. तो उरावा म्हणूनच आम्ही फुकट राबतो.

आणि जे विकलंच जात नाही त्याची गोष्ट तर तुम्हाला आवडेल. दोन-तीन आठवडे टांगूनही गेलं नाही की ते काढायचं, याला आम्ही कल करणं म्हणतो, मग आधी दुसऱ्या शाखेत आणि शेवटी चिंध्यांच्या पोत्यात. ती पोती किलोवर विकली जातात. लोकरीच्या जुन्या कपड्यांचा चुरा करून परत सूत काढायची कला यॉर्कशायरच्या बॅटली गावात 1813 च्या सुमारास बेंजामिन लॉ नावाच्या माणसानं काढली, त्या कापडाला शॉडी म्हणतात. आज तो धंदा बॅटलीत फारसा उरला नाही, पण माहितीये तो कुठे गेला? पानिपतला! आपल्याला पानिपत म्हटलं की 1761 आणि संक्रांत कोसळली एवढंच, पण आज तिथे जगभरातून जुनी लोकर येते, परत अंगात घालता येऊ नये म्हणून मुद्दाम कापून कांडला बंदरात उतरते, रंगानुसार निवडतात, पिंजतात, कातात आणि ब्लँकेटं विणतात. हल्ली तिकडे पॉलिस्टरच्या ब्लँकेटांनी या धंद्याला मागे टाकलंय हेही खरं. पण भूकंपानंतर वाटतात ती खरखरीत करड्या रंगाची स्वस्त ब्लँकेटं आठवतात? त्यातली कितीतरी तिथली. कुणाचा तरी इंग्लंडमधला भोक पडलेला स्वेटर असा फिरून मदतीच्या ट्रकमधे चढतो, फक्त त्याच्या लायकीचं रूप घेऊन.

तेव्हा काका, ट्रक भरायच्या आधी तिकडच्या कुणालातरी फोन करून काय पाहिजे ते विचारा. आणि सोसायटीत कपडे जमलेच असतील तर आवारातच सेल लावा. भांडा माझ्याशी यावर, मी तयार आहे.

मी लंडनमधे राहते, मुलगी चार महिन्यांची. चॅरिटी शॉपमधून तिच्यासाठी मस्त फ्रॉक आणले, एकेक पाउंडाला. सासूबाई आल्यात, म्हणतात दुसऱ्याच्या अंगावरचं घरात आणायचं नाही, मेलेल्या माणसाचं असलं तर? मी तिथे व्हॉलंटियर होणार आहे हे तर अजून सांगितलंच नाहीये.
— धास्तावलेली सून

सासूबाईंना विचार, तुमच्या मुलाला, म्हणजे तुझ्या नवऱ्याला, जन्मल्यावर पहिलं झबलं कुणाचं घातलं होतं? आपल्याकडे बाळाला आधी नवं घालतच नाहीत, कुणाच्या तरी धडधाकट लेकराचं वापरून मऊ झालेलं मागून आणतात. आणि आजीच्या लुगड्याची गोधडी? ती आजी गेली तरी आपण अंगावर घेतोच, उलट हक्कानं घेतो.

मेलेल्या माणसाचे कपडे येतात, खोटं कशाला बोलू. मुलं आईचं घर आवरतात आणि दहा पिशव्या आणून ठेवतात, कधीकधी दारातच रडतात. अशा वेळी आम्ही पिशवी लगेच उघडत नाही त्यांच्यासमोर, बाजूला ठेवतो. पण फ्रॉकला धुवून ऊन (किंवा इंग्लंडात रेडिएटर) दाखवलं की झालं. आणि व्हॉलंटियरचं सांगताना 'बोहारणीसारखं, फक्त भांड्यांच्या जागी पुरग्रस्तांना पैसे' असं सांग. त्यांना बोहारीण नक्की माहीत असणार, जरीची साडी देऊन स्टीलचा डबा घेतला होता त्याची घासाघीस पण आठवेल, आणि मग त्या तुझ्याआधी दुकानात पोचतील.

फॉल-पिकोची साडी घेतात का?
— सौ., स्लाऊ

घेतात, पण मॅचिंग ब्लाउज आणि परकर एकाच पिशवीत बांधून, वर 'साडी, सहावारी' अशी इंग्रजीत चिठ्ठी लावून द्या. नाहीतर आमच्याकडे साडी 'कापड' म्हणून पडद्यांच्या रॅकवर जाते आणि ब्लाउज छोट्या मुलीचा टॉप म्हणून. ज्या भागात आपली माणसं जास्त तिथल्या दुकानात द्या, भाव चांगला येतो. आणि हो, मुलांची कारसीट, हेल्मेट हे देऊ नका, आत तडा गेलाय का ते आम्हाला कळत नाही म्हणून विकता येत नाही. सोफा असेल तर आगीच्या सुरक्षेचं लेबल कापू नका, त्याशिवाय दुकानं तो सहसा घेत नाहीत.

मी दीड वर्ष एका दुकानात जातेय. तिथली एक जुनी व्हॉलंटियर पिशवी आली की चांगलं चांगलं आधी बाजूला काढते, स्वतःच किंमत लावते, एक पाउंड, दोन पाउंड, आणि स्वतःच घेते. मॅनेजर बघून न बघितल्यासारखं करतो. मला सहन होत नाही. मीच जाणं बंद करू का?
— नाव नको

बंद तू का करायचं? हा आजार सगळीकडचा आहे, आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीत पण असतो. म्हणूनच बहुतेक दुकानांत नियम असतो की ज्यानं किंमत लावली त्यानं ती वस्तू घ्यायची नाही, आधी ती पुढे दुकानात टांगली गेली पाहिजे, आणि बिल दुसऱ्यानं करायचं. तुमच्याकडे हा नियम लिहिलेला आहे का ते आधी विचार, तक्रार म्हणून नको, 'मला एक जॅकेट आवडलंय, घ्यायचं असेल तर पद्धत काय?' असं साळसूदपणे, त्या बाईसमोरच. नियम मॅनेजरच्या तोंडून सगळ्यांसमोर बाहेर आला की अर्धं काम होतं. नाहीच झालं तर भागाच्या मॅनेजरला मेल. त्यात तिचं नाव लिहायचं की नाही हे तू ठरव, मी असते तर तारखा आणि वस्तू लिहिल्या असत्या, नाव नाही, त्यांना बरोबर कळतं.

मी पुण्यात शिकते, वय 21. इकडे असं दुकान नाही, मग मी काय करू?

दुकान नाही पण काम आहे. गूंज नावाची संस्था 1999 पासून आहे, अंशु गुप्तांनी सुरू केलेली, 2015 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते कपडे फुकट वाटत नाहीत, गावानं मिळून विहीर खणायची, रस्ता नीट करायचा, आणि त्याबदल्यात कपडे-सामानाचं किट घ्यायचं. घेणाऱ्याची मान खाली जात नाही त्यात. सुती जुन्या कापडाचे ते पाळीसाठी पॅडही करतात. त्यांच्याकडे निवडायला हात लागतातच. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' नावाची संस्था आहे, जुन्या वस्तू गोळा करायच्या त्यांच्या मोहिमा असतात, तिथे चौकशी कर. आणि तुमच्या भागात माणुसकीची भिंत असेल तर आठवड्यातून एकदा जाऊन ती आवर. गंमत नाही करत. त्या भिंतींचं बहुतेक ठिकाणी एकच दुखणं असतं, उद्घाटनाला सगळे, निवडायला कुणी नाही, महिन्याभरात तिथे फाटक्या गाद्या आणि मुक्कामाला कुत्री.

ताई, एवढ्या वर्षांत दुकानात एखादं घबाड सापडलं का हो?
— उत्सुक, नाशिक

घबाड म्हणजे हिरे-माणकं नाही. पण एकदा एका इंग्लिश आजोबांच्या घरातल्या सामानात, टेबलक्लॉथच्या गठ्ठ्यात, हिरवी इरकल निघाली. नऊवारी! कशी आली, कुणाची, काही माहिती नाही, आणणाऱ्या मुलाला पण नाही. मॅनेजर म्हणाली पडदा आहे का हा, तर मी तिला एक टोक दारात धरायला लावलं आणि दुसरं घेऊन चालत सुटले, पार टिल ओलांडून पुस्तकांच्या कपाटापर्यंत गेले. दोन गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. किंमत लावायला मलाच सांगितलं, दुसऱ्या कुणाला कळणार, मी 30 पाउंड लावले.

आणि तिथेच फसले. किंमत मी लावलेली, म्हणजे मला घेता येणार नव्हती. तीन आठवडे ती तिथे टांगलेली, मी दर मंगळवारी बघायचे गेली की आहे. कलच्या आदल्या दिवशी गावातल्या नाटक मंडळाच्या एक बाई आल्या, कसलीशी राणी करायची होती त्यांना, घेऊन गेल्या. पिशवीत घालून मीच दिली.

शिवाय गिफ्ट एडचा स्टिकर होता तिच्यावर.